सुशीला नंबर चार

दारव्ह्याच्या अलीकडे, जिनिंगच्या मोडक्या भिंतीला लागून
एक लांब कौलारू इमारत आहे. पुढच्या महिन्यात पाडायची.
मी कनिष्ठ लिपिक. कपाटं उघडून
कागदांच्या दोन थप्प्या करायच्या:
जतन करावे. नष्ट करावे.

दारावरची पाटी तीनदा रंगवलेली.
नखानं खरवडलं की खालचा रंग दिसतो.
आधी उद्धार होतं. मग सुधार. आता आधार.
पेंटरनं दर वेळी पुढचीच अक्षरं बदलली,
धार राहू दिली.

रजिस्टरात रकाने: नाव, वय, जात, कुठून आणली,
वर्तणूक, कोणाच्या हवाली.
आणली. 'आली' असा रकानाच नाही.
जत्रेतल्या राहुटीतून आणली.
मूर्तिजापूरच्या फलाटावरून, अंगात ताप असताना आणली.
दारातच जुनं नाव खोडायचं
आणि द्वारकाबाई मुठाळांच्या यादीतलं नवं द्यायचं.
यादी सद्गुणांची, आणि आखूड:
सुमती, शांता, विमल, सुशीला.
बाया जास्त झाल्या, सद्गुण संपले.
म्हणून सुशीला नंबर दोन. सुशीला नंबर तीन.

द्वारकाबाईंना मी हसणार होते.
पण त्यांच्याच अक्षरात, समासात, बारीक:
'शेठजींची वर्गणी बंद. गावाची विहीर बंद.
आज पाणी नाल्यावरून मी आणले. चौदा खेपा.'
मग हसले नाही.

सोमवारी नवरे यायचे. बिजवर, म्हातारे,
एक तर बैल बघायला निघालेला, वाटेत थांबलेला.
बाया ओळीनं बसायच्या, सुपात तूर घेऊन.
'कापूस वेचता येते का?'
एवढंच विचारायचे. शेवटचा रकाना भरायचा.
अंगठा त्याचा. साक्ष शिपायाची.

सुशीला नंबर चार
पौषात, पोलिसांच्या दमणीतून. वय अंदाजे बावीस.
वर्तणूक: उलट बोलते. सूतकताईत बरी.
दोन सोमवारी सूप खाली ठेवून उठून गेली.
फाल्गुनात: पळाली. भिंतीवरून.
खाली लाल रेघ.
आणि अकराव्या दिवशी, रेघेच्या खाली:
'हजर. सोबत एक कोंबडी, चार पिल्ले. कारण सांगत नाही.'

कारण गावात होतं.
अनुसयाबाई टेकाम, नव्वदीच्या,
तेव्हा पोरवयात इथं भाकरी थापायच्या.
ऊन खात बसल्या होत्या. म्हणाल्या,
'मले सांगतलं होतं तिनं. म्हने,
पयल्यांदा मले आनलं होतं, माय.
मले माह्या पायानं यायचं होतं.
अन् दारातून.'
थोडं थांबून: 'कोंबडी मात्र चोरीची असन.'

मी विचारलं, तिचं खरं नाव काय होतं?
'म्याबी पुसलं होतं. तं म्हने,
कोन्तं खरं?'

रजिस्टरात ती पुढं कुठंच जात नाही.
'कोणाच्या हवाली' कोरं.
पण स्वयंपाकघराच्या वहीत, तेलाच्या डागांमधून,
नव्यानं शिकलेल्या वाकड्या अक्षरात:
अंडी सहा. अंडी नऊ.
मुंगूस आलं होतं, तीन कमी.
अंडी सतरा, बाजारात अकरा, पैसे डब्यात.
अशी सोळा वर्षं.
द्वारकाबाई वारल्या त्या दिवशीही: अंडी आठ, विकली नाही.
शेवटच्या पानावर
अंडी पाच.
पुढं पानं आहेत.

दिवस कलला. दोन्ही थप्प्यांना सुतळी बांधली,
शिपायाची सही घेतली.
वही माझ्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली आहे.
साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं
ते बस येईपर्यंत ठरलं नव्हतं.